देवळालीचं विरजण, तिसगाव-पारनेर मार्गे

नगर जिल्ह्यात लोक जातात ते देवदर्शनाला, नाहीतर किल्ला बघायला. मी गेले शेणाच्या काल्यासाठी. "संक्रांतीच्या सुट्टीत कुठं गेली होतीस?" या प्रश्नाला हे खरं उत्तर देऊन मी बऱ्याच जणांच्या गप्पा जागच्या जागी बंद पाडल्या आहेत. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते.

मी मूळची चिपळूणची. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत आर्कियांवर पीएच. डी. करत होते. आर्किया म्हणजे दिसायला जिवाणूंसारखे, पण जिवाणू नसलेले सूक्ष्मजीव. गोबरगॅसच्या टाकीत जिवाणू शेण कुजवतात आणि शेवटी त्यातून जळणारा गॅस बनवतात ते आर्किया. त्यांची गंमत अशी, की जनुकं वाचायचं यंत्र त्यांच्याकडे आपल्या पेशींसारखं असतं आणि ती जनुकं चालू-बंद करणारी बटणं मात्र बरीचशी जिवाणूंच्या घराण्यातली. माझा सगळा जीव या बटणांत अडकला होता. जनुकं पिढ्यान् पिढ्या बहुतेक तीच राहतात, पण कुठलं बटण कुठल्या जनुकाला जोडलेलं आहे ती वायरिंग बदलत जाते. ती कशी बदलते आणि किती वर्षांत, हे मला शोधायचं होतं.

देवळाली प्रवरा इथल्या एका टाकीतल्या आर्कियानं मला उत्तराचं पहिलं टोक दिलं होतं. या आर्कियाकडे गॅस बनवायची दोन अवजारं असतात. एक भरल्या पोटी वापरायचं, दुसरं उपाशीपोटी. कुठलं बाहेर काढायचं ते एक बटण ठरवतं. देवळालीवाल्यात ते बटण मोडलेलं होतं. भरल्या पोटाचं अवजार कायम चालू, उपाशीपोटीचं कायम बंद. टाकीला वर्षानुवर्षं रोज वेळेवर शेण मिळालं, उपास कधी पडलाच नाही, त्यामुळे बटण मोडलं तरी कुणाचं काही अडलं नाही, असा माझा दावा होता.

मग इनक्युबेटर बिघडला आणि सगळे आर्किया मेले. गोठवून ठेवलेले नमुने काढले, तर तेही जिवंत होईनात. ते जिवंत होतात का हे मी मधूनमधून तपासायला हवं होतं, आणि मी ते केलं नव्हतं. प्रगती-अहवालाच्या बैठकीत समितीतले एक ज्येष्ठ प्राध्यापक शांतपणे म्हणाले, की हे मोडलेलं बटण टाकीतलं नसून प्रयोगशाळेत शिरलेली भेसळ असावी. मूळ जागेवरून नमुना पुन्हा आणा, नाहीतर दावा प्रबंधातून काढा. चार वर्षांचं काम, आणि मी भेसळवाली ठरले. त्या दिवशी घरी जाऊन मी रडले, आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरली.

देवळाली प्रवरा

बसच्या पाटीवर अहिल्यानगर आणि कंडक्टरच्या तोंडी नगर. तिथून राहुरीच्या बाजूला लागलं की ऊस सुरू होतो तो संपतच नाही. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यामागे आमची गाडी, आणि कालव्याचं पाणी इतकं निवांत वाहत होतं की चिपळूणच्या मलाही हेवा वाटला. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो आणि मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसतो.

नमुना आधी आणला होता तो माझ्यापूर्वीच्या एका विद्यार्थ्यानं. मी त्या टाकीचं तोंडही पाहिलं नव्हतं. घर सापडलं, घरातल्या सुनंदाकाकू भेटल्या. पन्नाशीच्या, कामाच्या, बोलता बोलता हातातली मेथी निवडणाऱ्या. टाकी कुठाय विचारल्यावर त्यांनी गोठ्याकडे बोट दाखवलं. नवा कोरा सिमेंटचा कोबा, त्यावर चार गाई रवंथ करत उभ्या.

"आवो मॅडम, दिवाळीतच बुजवली. गाया वाढल्या, जागा पुरंना."

मी तिथेच खाटेवर बसले. काकूंनी विचारपूस न करता चहा ठेवला. या भागातली ही रीत मला फार आवडली. माणसाचा चेहरा पडलेला दिसला की आधी कप हातात देतात, कारण नंतर विचारतात. कारण सांगितलं तेव्हा त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, टाकी गेली, पण तिच्या लेकी आहेत ना.

नवी गोबरगॅसची टाकी बांधली की ती आपोआप सुरू होत नाही. चालू टाकीतली बादलीभर स्लरी, म्हणजे शेणकाला, तिच्यात घालावी लागते. दह्याला लागतं तसं विरजण, आणि शब्दही तोच. काकूंच्या सासऱ्यांचा दंडक असा होता, की आपल्या लेकीबाळींच्या घरी टाकी झाली तर तिचं विरजण माहेरूनच जायचं. आमच्याकडे मुलीला नारळ आणि फणसाची साठं देतात. इथे शेणकाल्याची बादली देतात, आणि तीही टेम्पोत पुढच्या सीटवर ठेवून. काकूंची थोरली नणंद हिराबाई चाळीस वर्षांपूर्वी असं विरजण घेऊन तिसगावला गेली. काकूंची स्वतःची मुलगी पल्लवी सहा वर्षांपूर्वी पारनेरला.

चहा तसाच राहिला आणि मी पिशवीतून वही काढली. एकच आर्किया, तीन घरं. पल्लवीचं विरजण अलीकडचं, म्हणजे तिच्या टाकीत ते मोडलेलं बटण असायला हवं. असलं तर मी भेसळवाली नाही. आणि हिराबाईंचं जुनं, म्हणजे बटण मोडायच्या आधीचं असलं तर ते मोडलं कधी याचाही अंदाज लागेल. मी एक टाकी शोधायला आले होते आणि मला अख्खं खानदान सापडलं होतं. काकूंना मी हे समजावलं. त्या म्हणाल्या, मग मेथीची भाजी खाऊनच जा.

तिसगाव

करंजीचा घाट ओलांडला की जिल्हा कूस बदलतो. ऊस गायब, रान खडकाळ, ज्वारी गुडघ्याएवढी आणि मधेच तुरीच्या पट्ट्या. गाडी घाटाखाली बंद पडली, दुसरी येईपर्यंत दोन तास गेले, आणि तिसगावात उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती.

हिराआत्या (देवळालीत सगळे आत्याच म्हणत होते, मीही म्हणू लागले) सत्तरीच्या, काटक, कपाळावर भलंमोठं कुंकू. भावजयीचा फोन आधीच येऊन गेला होता. मी बाटल्या काढल्या आणि म्हटलं, आधी नमुना घेते, मग बसू. आत्यांनी माझ्याकडे बघितलं आणि देव्हाऱ्यातल्या दिव्याकडे बघितलं.

"दिवा लागल्यावर विरजण देत न्हाईत, पोरी. आमी दह्याचं देत न्हाई, तर ह्ये कसं दिऊ? उद्या घे."

मी विज्ञान सांगितलं, वेळापत्रक सांगितलं, उद्याची गाडी सांगितली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मला हातपाय धुवायला पाणी दिलं. मी बाटल्या परत पिशवीत ठेवल्या. चिपळूणला माझी आईसुद्धा दिवेलागणीनंतर शेजारणीला मीठ देत नाही, मग मी कुणाशी भांडत होते?

आणि राहिले ते बरंच झालं, कारण दुसऱ्या दिवशी भोगी होती. सकाळी तीळ थापलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि वांगी, घेवडा, गाजर, ओला हरभरा, बोरं असं सगळं एकत्र घातलेली भाजी. भाजीत बोरं म्हटल्यावर माझं कोकणी तोंड वाकडं झालं होतं. पहिल्या घासाला ते सरळ झालं आणि तिसरी भाकरी मी मागून घेतली. हे सगळं त्याच टाकीच्या गॅसवर शिजलं होतं. ज्योत निळी, शांत.

जेवताना आत्या दुष्काळाच्या सालांबद्दल बोलल्या. जनावरं छावणीत होती, तीन-तीन महिने. घरात शेण नाही, टाकी उपाशी. पण जनावरं परतली की आठ दिवसांत पुन्हा ज्योत लागायची. मी भाकरी खाली ठेवली. ही टाकी उपास काढत आली होती. इथे बटण शाबूत असलं तरच हे जमणार होतं.

विरजण काढायची आत्यांची पद्धत होती. दुधाची किटली काठोकाठ भरायची, वर केळीचं पान, त्यावर ओलं फडकं, आणि सुतळीनं बांधायचं. वारा लागला की ते मरतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. हवेतल्या ऑक्सिजननं हे आर्किया मरतात हे शिकायला मला दोन वर्षं आणि एक महागडी पेटी लागली होती. तरी माझा भरवसा माझ्या बाटल्यांवर. जाड काच, रबरी बूच, वर पत्र्याची पकड. त्याही मी काठोकाठ भरल्या. किटली मी नको म्हणत होते. आत्यांनी ती माझ्या हातात दिलीच, पाहुणीला रिकामं कसं पाठवायचं म्हणून.

पारनेर

बाटलीत गॅसला जागा ठेवायची असते हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. ताज्या स्लरीतले आर्किया बाटलीतही गॅस बनवत राहतात. नगर सोडून गाडी सुप्याच्या दिशेला लागली, ऊन चढलं, आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीतून फाट्कन आवाज आला. मग दुसरा. मग तिसरा. चौथ्याला बूच गाडीच्या टपाला लागलं.

शेजारी पांढऱ्याशुभ्र शर्टातले एक गृहस्थ होते, मुलाला मुलगी बघायला निघालेले. आता त्यांचा शर्ट पांढराशुभ्र नव्हता. कंडक्टरनं गाडी थांबवली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मागच्या सीटवरच्या एका आजीबाई म्हणाल्या, सोयरीक जुळायला निघालात आणि शेणाचा सडा पडला, याहून चांगला शकुन कुठला? सगळी गाडी हसली. गृहस्थही हसले, थोडं उशिरानं. सुप्याला उतरून त्यांनी दुकानातून नवा शर्ट घेतला आणि मी पैसे द्यायला लागले तर त्यांनी मला हात जोडले.

भरलेल्या चारही बाटल्या गेल्या होत्या. किटली मात्र जशीच्या तशी. गॅस फडक्यातून हळूहळू निसटत होता आणि बाहेरची हवा आत जात नव्हती. मी माझ्या शिक्षणासकट त्या किटलीला मनोमन नमस्कार केला आणि पारनेरपर्यंत तिला लेकरासारखी कडेवर घेऊन बसले.

पल्लवी शाळेत शिक्षिका, नवरा सुप्याच्या कारखान्यात. दोन गाई, आणि पावसावरची शेती. पाणी कमी पडलं की टाकीत शेण कालवायचं राहून जातं, कधी तीन दिवस, कधी आठवडा. मी लगेच विचारलं, मग गॅस बंद पडत असेल ना? माझ्या हिशेबानं पडायलाच हवा होता. उपाशीपोटीचं अवजार बंद असलेला आर्किया उपासात काय करणार?

"पहिली दोन वर्षं लई रडवलं, ताई. एक दिवस चुकला की चार दिवस चूल थंड. मंग आपोआप सुधारली. आता आठवडा गेला तरी दुसऱ्या दिवशी पेटते," पल्लवी म्हणाली.

ती हे कौतुकानं सांगत होती आणि मी वही मिटली. टाकी सुधारली याचा सरळ अर्थ एकच होता. पारनेरच्या शेणातला कुणी गावरान आर्किया आत शिरला आणि देवळालीचा मेला. म्हणजे मोडलेलं बटण गेलं, पुरावा गेला, दावा गेला. दुसऱ्या दिवशी पल्लवीनं संक्रांतीचा तीळगूळ हातावर ठेवला आणि गोड बोला म्हणाली, तेव्हा मी गोड बोलायच्या ऐवजी गोड खाल्लं. तिच्याकडून दुसरी किटली मागून घेतली. फडकं ओलं करून, सुतळीनं बांधून. या वेळी माझी उरलेली रिकामी बाटली मी पिशवीतून काढलीसुद्धा नाही.

पुणे

पुढचे दोन महिने वगळते. आर्किया फार सावकाश वाढतात, आणि त्यांची वाट बघणाऱ्या बाईचं वर्णन कुणाला वाचायचंय?

तिसगावचं आधी हाती आलं. बटण शाबूत. पोट भरलं की एक अवजार, उपास पडला की दुसरं, अगदी शहाण्यासारखं. मग पारनेरचं. देवळालीच्या बटणाच्या डीएनएतली अठरा अक्षरं गळालेली होती, हा त्याचा जन्मखुणेसारखा तीळ. पारनेरवाल्यातली ती जागा मी संगणकावर उघडली. अठरा अक्षरं गळालेली. तोच तो. कुणी गावरान शिरला नव्हता, आणि प्रयोगशाळेतली भेसळही नव्हती. मी खुर्चीवरून उठून बाहेर गेले, कँटीनला एक फेरी मारली, आणि परत येऊन पुन्हा मोजली. अठराच.

पण मग तो उपास कसा काढत होता? उत्तर शेजारीच होतं. उपाशीपोटीच्या अवजाराच्या दारापाशी तीन अक्षरं बदलली होती, आणि त्या तीन अक्षरांमुळे तिथे दुसरंच एक बटण येऊन बसत होतं. मुळात ते नायट्रोजनची चणचण झाली की चालू होणारं, जिवाणूंच्या घराण्यातलं बटण. त्याचा या कामाशी काही संबंध नव्हता, पण शेण आलं नाही की नायट्रोजनही आटतो, म्हणून उपासात ते नेमकं चालू होत होतं. जुनं बटण मोडलेलंच राहिलं आणि आर्कियानं वायर दुसरीकडून ओढून घेतली. सहा वर्षांत. पल्लवीच्या चुलीनं हे माझ्या आधी टिपलं होतं. मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या प्रयोगशाळेतले लोक आग लागली समजून धावत आले. मी त्यांना तीन अक्षरं दाखवली. ते बिचारे आग नाही याचाच आनंद मानून परत गेले.

आत्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं आणि परीक्षा कधी आहे ते विचारलं. व्हायवा खुली असते, कुणीही येऊ शकतं, असं मी बोलून गेले. व्हायवाच्या दिवशी सकाळी सभागृहात शिरले तर पहिल्या रांगेत हिराआत्या, नऊवारी नेसून, शेजारी पल्लवी रजा टाकून आलेली. पहाटेची गाडी धरून आल्या होत्या.

मी बोलले. पाऊण तास, न अडखळता. मग तेच ज्येष्ठ प्राध्यापक उठले. भेसळीचा मुद्दा त्यांनी स्वतःहून मागे घेतला. पण ते थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, की तिसगावची टाकी चाळीस वर्षांपूर्वीच वेगळी झाली हे तुम्ही कशावरून म्हणता? दुष्काळात ती उपाशी होती. तेव्हा देवळालीहून ताजं विरजण पुन्हा आलं असेल, तर बटण कधी मोडलं हा तुमचा सगळा हिशेब कोसळतो.

प्रश्न खरा होता. तिन्ही टाक्या एकाच मुळाच्या हे जनुकं सांगत होती, पण मधल्या एखाद्या उन्हाळ्यातली बादली ती सांगणार नव्हती. मी उत्तराची जुळवाजुळव करत उभी राहिले.

पहिल्या रांगेतून आत्या उभ्या राहिल्या. त्यांनी पदर खोचला.

"सायेब, मी सांगू का? त्या साली भावानं बादली धाडली हुती. टेम्पो दारात उभा हुता. मी परत लावला."

प्राध्यापकांनी विचारलं, का?

"माहेर एकदाच देतं. येकदा दिलेलं माझ्या दारात मेलं, आसं म्या हू दिलं नसतं. जनावरं छावनीत, शेन न्हाई. मंग रोज आमच्या ताटातलं उरलंसुरलं, भाकरीचा तुकडा, भांडी धुतल्यालं पानी, ह्ये घालीत ऱ्हायले. तीन महिनं. आमीबी अर्धपोटीच हुतो, तीबी अर्धपोटी. पर जगली. दुसऱ्याचा थेंब न्हाई तिच्यात."

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. प्रबंधाची त्यांची प्रत उघडून त्यांनी नमुन्यांच्या तक्त्याचं पान काढलं आणि आत्यांना त्यांचं पूर्ण नाव विचारलं. आत्यांनी सांगितलं, गावासकट. प्राध्यापकांनी ते तिसगावच्या नमुन्यापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, मला ते छापील प्रतीत घालायला सांगितलं, आणि म्हणाले, की माझे प्रश्न संपले.

माझ्या नावापुढे डॉक्टर लागल्याचं अध्यक्षांनी तिथेच जाहीर केलं. लोक उभे राहिले, पहिल्या रांगेकडे तोंड करून टाळ्या वाजवू लागले, आणि हिराआत्या मान वळवून मागे बघायला लागल्या, कोण आलंय म्हणून.